कोंबडी कोपऱ्यात गप्प बसली की औषधाच्या आधी काय बघायचं

कोंबडी आजारी आहे हे आपल्याला कळतं तोवर तिचे दोन तीन दिवस तरी गेलेले असतात, कारण ती लपवते. जी अशक्त दिसते तिला बाकीच्या टोचतात आणि मुंगूस, कोल्हा पण तिलाच आधी उचलतो, म्हणून अंगात त्राण नसलं तरी ती सगळ्यांबरोबर दाणे टिपायचं नाटक करत राहते. चोच जमिनीला लावते पण दाणा काही उचलत नाही. हे एकदा जवळ बसून बघितलंत की पुढच्या वेळी लगेच ओळखू येईल. दाणे टाकून निघून जायचं नाही, पाच मिनिटं तिथंच उभं राहायचं आणि कोण खरंच खातेय ते बघायचं.

आमच्या परसात सध्या चौदा आहेत, बहुतेक गावठी, तीन वनराजा जातीच्या. गोव्यात डिचोली तालुक्यात घर, मागं कुळागर, म्हणजे सुपारीची बाग, पुढं चिऱ्याचं कुंपण. सकाळी खुराडं उघडलं की कोण पहिली बाहेर पडते आणि कोण शेवटी, हे मी रोज बघते, सासूबाईंनी लावलेली सवय आहे ही. रोज धावत येणारी एखाद दिवशी दारातच मान आत घेऊन, पिसं फुलवून, डोळे अर्धे मिटून उभी राहिली की त्या दिवशी बाकीची कामं मागे.

आणि इथंच बहुतेक जण चुकतात बघा. कोंबडी गप्प बसली की लगेच कोणी सांगतं हळद घाला, कोणी लसूण भरवा म्हणतं, कोणी घरातली उरलेली माणसांची गोळी कुस्करून पाण्यात टाकतं. पण पिसं फुलवून बसणं हे दहा वेगवेगळ्या गोष्टींमुळे होतं, पोटात अंडं अडकलं तरी तशीच बसते, उवा झाल्या तरी तशीच, राणीखेत, म्हणजे मानमोडीचा रोग, लागला तरी तशीच. बसण्यावरून रोग कळत नाही. उचलून हातात घ्यावी लागते.

उचलायच्या आधी फक्त एक गोष्ट बघा, एकटीच गप्प आहे की दोन तीन जणी. एकटीच असेल तर बऱ्याचदा तिचं स्वतःचं काहीतरी असतं, अंडं, पाय, गळ्याची पिशवी, जखम. एका दोन दिवसात तीन चार जणी बसल्या तर रोग पसरतोय किंवा सगळ्यांनी काहीतरी वाईट खाल्लंय, आणि मग घरी तपासत बसायचं नाही, पशुवैद्यकीय दवाखान्यात फोन करायचा. आणि धडाधड मरायला लागल्या, तुरे निळे जांभळे पडले, तोंडं सुजली, तर त्या कोंबड्यांना हात पण लावू नका, कापू नका, खाऊ नका, कोणाला देऊ नका. बर्ड फ्लू असू शकतो. २००६ साली नवापूरला काय झालं ते सगळ्यांनी ऐकलंय, भारतात तो पहिल्यांदा तिथंच सापडला. उगाच घाबरवत नाहीये, पण या एका बाबतीत बघू उद्या असं म्हणायचं नाही.

आता एकटी आजारी असलेली. तिला पहिल्यांदा वेगळी करा. मोठं डालगं किंवा फळांचा पुठ्ठ्याचा खोका, खाली जुना पेपर, वर गोणपाट, वारा आणि पावसाचे शिंतोडे लागणार नाहीत अशी जागा. पेपर का तर शीट दिसायला हवी. मोकळ्यावर फिरणाऱ्या कोंबडीची शीट कोणती आणि शेजारणीची कोणती हे कधीच कळत नाही, खोक्यात एक रात्र ठेवली की सकाळी सगळं पेपरवर लिहून ठेवल्यासारखं असतं.

चांगल्या कोंबडीची शीट तपकिरी घट्ट आणि वर पांढरी टोपी. दिवसातून दोन चारदा चॉकलेटी, चिकट, खूप घाण वासाची पण येते, ती बघून घाबरू नका, ती नॉर्मल आहे. हिरवीगार पातळ आली तर एक तर तिनं दोन दिवस काही खाल्लेलं नाही, नाहीतर राणीखेत. नुसतं पांढरं पाणी येत असेल तर पोटात अन्न जात नाहीये किंवा किडनीवर ताण आहे, तीन ते सहा आठवड्यांच्या पिल्लांत असं दिसलं तर गंबोरो नावाच्या पिल्लांच्या रोगाचा विचार करायचा. रक्त दिसलं, विशेषतः दीड दोन महिन्यांच्या पिल्लांत, तर रक्ती हगवण. आमच्याकडे जून लागला की ही येतेच, कारण तिचे जंतू ओल्या गरम जमिनीत एक दोन दिवसात तयार होतात आणि पिल्लं तीच माती चिवडतात. तिच्यावर अँप्रोलियम नावाचं पाण्यात घालायचं औषध मिळतं, डोस डॉक्टरला विचारून, पण खालचा भुसा ओला ठेवलात तर औषध संपल्यावर परत तेच.

मग हातात घ्या. संध्याकाळी काळोख पडताना घेतली तर फडफडत नाही. डाव्या काखेत, तोंड मागच्या बाजूला, पंख आपल्या अंगाला दाबून. चोचीपासून सुरू करायचं आणि शेपटीपर्यंत जायचं, रोज हाच क्रम ठेवला की काही सुटत नाही.

तुरा बघा. फिका पांढुरका असेल तर रक्त कमी झालंय, जंत किंवा रक्त पिणारे किडे, (पिसं झडताना किंवा अंडी बंद असतानाही तुरा थोडा फिका होतो, ते वेगळं). निळसर असेल तर श्वासाचा किंवा हृदयाचा त्रास. काळ्या तपकिरी खपल्या, मसासारख्या, तुऱ्यावर, डोळ्याच्या कडेला, तर देवी. देवी डासांमुळे पसरते, त्यामुळे पावसाळ्यात आणि त्यानंतर जास्त. नुसत्या खपल्या असतील तर तीन चार आठवड्यात गळून पडतात, खपल्या ओढून काढायच्या नाहीत, डोळे मिटले असतील तर खाणं पाणी चोचीपुढं धरायचं. पण तोंड उघडून बघा, आत पिवळट पांढरे थर असतील तर ती आतली देवी असू शकते आणि ती श्वास कोंडून मारते, त्याला डॉक्टर हवाच.

डोळ्यात फेस, बुडबुडे, नाकातनं पाणी, तर सर्दीचा रोग. चेहरा एका बाजूनं सुजलाय आणि नाकाजवळ वास घेतला तर कुजकट, तर कोरायझा नावाचा नाकाचा रोग. वास घ्यायला लाजू नका, नाक हे इथं सगळ्यात चांगलं साधन आहे. मग कान तिच्या पाठीला लावा. चांगल्या कोंबडीत काहीच ऐकू येत नाही, आजारी असली तर आत पाणी उकळल्यासारखी घरघर येते.

आता गळ्याखालची पिशवी, म्हणजे मानेच्या खाली छातीच्या उजव्या बाजूला जिथं दाणे साठतात ती. ही तपासायची वेळ सकाळी, खायला द्यायच्या आधी. रात्री भरलेली असते, सकाळपर्यंत रिकामी व्हायला हवी. रिकामी असली तर हाताला जवळपास लागतच नाही. सकाळी पण कडक गोळा लागला तर आत गवत किंवा काहीतरी अडकलंय. पाण्यानं भरलेल्या फुग्यासारखी डुलली आणि तोंडाला आंबट वास आला तर आंबलीय.

मागच्या वर्षी आमच्या कवडी कोंबडीला हे झालं, कारण मीच. पोदेराकडचे, म्हणजे पाववाल्याकडचे, शिळे पाव उरायचे ते मी भिजवून सगळ्यांना टाकायचे, आणि कवडी सगळ्यांना ढकलून एकटी खायची. तीन दिवस सकाळी पिशवी हाताला अशी लागायची, गरम पाण्याची रबरी पिशवी असते ना तशी, दाबली की गुळगुळ आवाज आणि ताकाचं भांडं दोन दिवस तसंच ठेवल्यावर येतो तो वास. शेजारी कोणी सांगितलं उलटी धरून ओकायला लाव. ते करू नका, ओकलेलं सरळ श्वासनळीत जातं आणि कोंबडी हातातच मरते. आम्ही एक दिवस खाणं बंद केलं, फक्त पाणी, दिवसातनं तीन चारदा पिशवी वरून खाली हळूहळू चोळली आणि दुसऱ्या दिवसापासून थोडी थोडी पातळ पेज. चौथ्या दिवशी सकाळी पिशवी रिकामी लागली. तिला पाव आता बंदच, आणि बाकीच्यांना पण. दोन दिवसात फरक पडला नसता तर डॉक्टरकडे नेणार होतो, कारण आत बुरशी वाढते त्याला वेगळं औषध लागतं.

छातीचं मधलं हाड चाचपा. दोन्ही बाजूला मांस हवं. हाड सुरीसारखं धारदार लागलं तर ही आजची आजारी नाही, कितीतरी दिवस खंगतेय, पिसांमुळे दिसलं नाही इतकंच. म्हणून मी महिन्यातून एकदा प्रत्येकीला पिशवीत घालून तराजूच्या काट्याला लावते आणि वजन कालनिर्णयवर लिहिते, वजन उतरायला लागलं की तुऱ्याच्या आधी ते सांगतं.

मग पोट, म्हणजे छातीचं हाड संपतं तिथून शेपटीखालच्या जागेपर्यंत. मऊ हवं. पाण्याच्या पिशवीसारखं तट्ट फुगलं असेल तर आत पाणी झालंय, अंड्याचा बलक पोटात फुटून पू झाला की असंच होतं, आणि हे घरी बरं होत नाही. आत कडक गोल अंडं हाताला लागत असेल, कोंबडी उभी ताठ राहते, शेपूट खाली करून परत परत जोर काढते, खुराड्यात जाऊन येते पण अंडं नाही, तर अंडं अडकलंय.

हे मी नीट सांगते कारण यात वेळ फार कमी असतो, एक दोन दिवसात कोंबडी जाते. टबात कोमट पाणी घ्या, मनगट बुडवून आपल्याला छान वाटेल इतकंच गरम, आणि तिला पोटापर्यंत बसवा वीस मिनिटं. पहिल्यांदा धडपडते, मग पाय ताणून सैल सोडते, डोळे मिटते, आमची एक तर टबातच झोपली होती. बाहेर काढून टॉवेलनं कोरडी करा, शेपटीखाली थोडं खोबरेल लावा, अंधाऱ्या गरम खोलीत एकटी ठेवा. एक तासानं परत. बाहेरून दाबून अंडं काढायचा प्रयत्न करू नका, आत फुटलं तर तुकडे लागून सगळं बिघडतं. संध्याकाळपर्यंत अंडं नाही आलं तर डॉक्टर, तो कॅल्शियम देतो आणि बऱ्याचदा तेवढ्यानं सुटतं. कॅल्शियम कमी पडलं की गर्भाशयाला जोरच येत नाही. अंडी देणाऱ्या कोंबडीला रोज साधारण चार ग्रॅम कॅल्शियम लागतं आणि नुसत्या तांदळाच्या कण्यांवर ते मिळत नाही. आपल्या गोव्यात यावर पैसे घालायची गरजच नाही, तिसऱ्या, खुबे, कालवं खाऊन झाली की शिंपले धुवा, वाळवा, रगड्यावर जाडसर कुटा आणि एका करवंटीत वेगळे ठेवा. दाण्यात मिसळू नका, जिला लागेल ती स्वतः खाते.

शेपटीखालची जागा पिसं बाजूला करून बघा. घाण चिकटलीय का, मांस बाहेर आलंय का, आणि पिसांच्या मुळाशी पांढऱ्या साखरेच्या खड्यांसारखे गठ्ठे आहेत का, त्या लिखा. पिसं फाकवली की गवताच्या रंगाच्या उवा पळताना दिसतात. पण रक्त पिणारे लाल किडे आणि गोचीड दिवसा अंगावर सापडत नाहीत, ते खुराड्याच्या फटीत लपतात. रात्री दहा वाजता टॉर्च घेऊन जा, दांडीच्या खालच्या बाजूला पांढरा कागद फिरवा, लाल डाग पडले तर ते आहेत. अशा वेळी कोंबडीला कितीही औषध लावा, खुराडं रिकामं करून फटींसकट साफ केल्याशिवाय काही उपयोग नाही. राखेत लोळायला एक खड्डा ठेवा, कोरडा, पावसाळ्यात पत्र्याखाली.

पाय शेवटी. तळव्यावर काळी खपली आणि सूज असेल तर आत गाठ झालीय, आमच्याकडे चिऱ्याच्या खरबरीत दगडावर उंच दांडीवरून उड्या मारून हे होतं, दांडी खाली आणा. पायाचे खवले उचलल्यासारखे वर आले असतील तर आत किडा, खोबरेल किंवा व्हॅसलिन जाड लावायचं, काही आठवडे. एक पाय पुढं आणि एक मागं पसरून पडलीय, वय तीन चार महिने, बाकी नजर तरतरीत, तर मरेक्स नावाचा रोग, त्याला औषध नाही. आणि मान वाकडी होऊन मागं वळली, पंख लुळे, हिरवी शीट, तोंड उघडून श्वास, तर मानमोडी, म्हणजेच राणीखेत, कुमाऊंतल्या राणीखेत गावावरून नाव पडलेला. याला पण औषध नाही. लस आहे. पाच ते सात दिवसांच्या पिल्लाच्या डोळ्यात लासोटा नावाच्या लसीचा एक थेंब, चौथ्या आठवड्यात परत, आठव्या आठवड्यात आर-टू-बी या दुसऱ्या लसीचं इंजेक्शन. अडचण अशी की लसीची बाटली शंभर किंवा जास्त डोसची येते आणि कालवल्यावर एक दोन तासांत संपवावी लागते, म्हणून आम्ही वाड्यावरची पाच सहा घरं मिळून एकाच दिवशी करतो, बाटली बर्फात ठेवून घरोघर फिरतो. आजारी पिल्लांना त्या दिवशी लस द्यायची नाही.

हे सगळं बघून काहीच सापडलं नाही तर दोन गोष्टी आठवा. खुडूक झालेली, म्हणजे अंडी उबवायला बसू पाहणारी, कोंबडी पण पिसं फुलवून दिवसभर बसते आणि कमी खाते, पण ती हात लावला की चिडते, आवाज करते, चोच मारते. आजारी कोंबडी चिडत नाही. आणि पिसं झडायचा काळ असेल तर ती मलूल असते, अंडी बंद करते, वजन मात्र टिकून असतं.

मग मागच्या दोन दिवसात तिनं काय खाल्लं ते आठवा. पावसाळ्यात मक्याला, पेंडीला बुरशी येते, नुसतं उन्हात टाकून बुरशीचं विष जात नाही, वास आला की फेकूनच द्यायचं. मे महिन्यात पुरुमेंताची, म्हणजे पावसाळ्यासाठी साठवायची, सुकी मासळी अंगणात वाळत घालतो तेव्हा कोंबड्या खारी डोकी पळवतात, जास्त मीठ पोटात गेलं की खूप तहान, पातळ शीट, झोकांड्या, पुढं मरतात पण. मेलेला उंदीर, त्यातले किडे खाल्ले तर मान एकदम लुळी पडते, वाकडी नाही, लुळी. एप्रिल मेच्या दुपारी चोच उघडून धापा टाकत पंख फाकवून उभ्या असतील तर तो उन्हाचा त्रास, सावली, गार पाणी, पाय साध्या पाण्यात, बर्फाचं पाणी अंगावर ओतू नका.

कारण कळेपर्यंत करायचं ते सोपं आहे. ऊब, शांतता, पाणी. एक लिटर पाण्यात सहा छोटे चमचे साखर आणि अर्धा छोटा चमचा मीठ, किंवा इलेक्ट्राल. पीत नसेल तर ड्रॉपरनं चोचीच्या कडेला थेंब लावायचा, ती स्वतः गिळते, घशात ओतायचं नाही कारण श्वासनळीचं तोंड जिभेच्या मागं लगेचच असतं. उकड्या तांदळाची पेज, त्यात उकडलेल्या अंड्याचा पिवळा भाग कुस्करून. माणसांचं अँटिबायोटिक नको. डॉक्टरनं अँटिबायोटिक दिलं तर अंडी किती दिवस खायची नाहीत हे तिथंच विचारा, कारण ती अंडी आपलीच मुलं खातात. कोलिस्टिन नावाचं अँटिबायोटिक तर सरकारनं २०१९ मध्ये कोंबड्यांसाठी बंदच केलंय, जुनं पाकीट घरात असेल तर वापरू नका.

मेलीच तर लगेच पुरू नका, निदान पहिली तरी. दोन प्लास्टिकच्या पिशव्यांत घालून, मासळीवाल्याकडून बर्फ घेऊन थर्माकोलच्या खोक्यात ठेवा आणि दवाखान्यात फोन करून विचारा तपासायला आणू का. त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी. फ्रीजरमध्ये ठेवू नका, गोठलं की आतलं नीट दिसत नाही. एकदा आमच्या दोन गेल्या तेव्हा आम्ही असं केलं म्हणून कळलं की जंतांनी आतडं भरलंय, बाकीच्या बारा जणींना जंताचं औषध दिलं आणि पुढं कोणी गेली नाही. तपासायला नेणार नसाल तर विहिरीपासून लांब, कमरेइतका खोल खड्डा, वर चुना, कुत्री उकरणार नाहीत असे दगड.

नवीन कोंबडी बाजारातून आणली की तीन आठवडे वेगळीच ठेवा, वेगळं भांडं, आणि तिला दाणे सगळ्यात शेवटी घाला म्हणजे आपल्या चपलांवरून रोग इकडे येत नाही. कितीही तरतरीत दिसली तरी. आम्ही एकदा तशीच सोडली होती, दहा दिवसात अर्धं खुराडं शिंकत होतं.

बरी झालेलीला परत सोडताना दिवसा सोडू नका, आठवडाभर लांब होती म्हणजे बाकीच्यांना ती परकी, टोचून रक्त काढतील. दोन दिवस डालग्याखालीच सगळ्यांच्या मध्ये ठेवा, मग रात्री सगळ्या झोपल्यावर अंधारात दांडीवर तिच्या जुन्या जागेवर बसवा आणि सकाळी स्वतः जाऊन दार उघडा, दोन ठिकाणी दाणे टाका आणि ती खरंच उचलून खातेय का ते बघा.